रंध्याचा शाफ्ट

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

रंधा मशीन आज चालवलं. आधी कण्हलं, मग किंचाळलं! नथूभैयांनी धावत येऊन स्विच पाडला. "भाभी, बेअरिंग गई. अब चलाना मत!" फळीवर नुसत्या लाटा.

सुगतला जाऊन सात आठवडे झाले. वर्कशॉप परत उघडून चार दिवस. जयसिंगरावांच्या वीस दरवाजांचं लाकूड पडून आहे. फोन केला. म्हणाले, "वहिनी, पंधरा तारखेपर्यंत थांबतो. मग माल उचलतो." एवढंच काम हातात उरलंय. हेही गेलं तर शटर ओढावं लागेल.

नाही ओढणार.

५ सप्टेंबर

राजवाड्याकडच्या बाजारातून बेअरिंगची जोडी आणली. दुकानदार म्हणाला, "मैडम, भिया को भेज दो, साइज समझा दूँगा." म्हटलं, मलाच समजवा.

७ सप्टेंबर

आज गणपती. खजरान्याच्या देवळात पाय ठेवायला जागा नाही. नथूभैया सुट्टीवर. एकटीनेच बसवायला घेतलं आणि हातोडी बाहेरच्या कड्यावर मारली — चूक! आतल्या गोळ्यांना मार बसला. हातात फिरवलं तर खरखर. नवंकोरं बेअरिंग दहा मिनिटांत भंगार.

रडू आलं नाही. स्वतःचा राग आला.

९ सप्टेंबर

दुसरं आणलं. नथूभैयांनी पाइपचा तुकडा दिला. "याने आतलं कडं ठोका, भाभी. बाहेरच्याला हात नाही लावायचा."

चढलं — आणि सैल! बोटाने सरकतंय. शाफ्टच झिजलाय. त्यावर सगळीकडे पंचने मारलेले ठिपके. ठिपक्याने लोखंड जरा वर उचललं जातं, बेअरिंग थोडे दिवस अडकून राहतं. सुगत असल्या कामाला शिव्या घालायचा. ही दुरुस्ती नव्हे, ढकलगाडी, म्हणायचा.

नथूभैया म्हणाले, "परत पंच मारून देतो. पंधरा तारीख तो निकल जाएगी." नाही म्हटलं. शाफ्ट खरादवाल्याकडे दिला — वेल्डिंगने भरून लेथवर नेमक्या मापाला उतरवायला. चार दिवस म्हणतो.

१० सप्टेंबर

जयसिंगरावांना काही कळवलं नाही.

१३ सप्टेंबर

शाफ्ट आला. बेअरिंग तेलात गरम केलं, सरळ आत गेलं. गार झाल्यावर हलवून पाहिलं — घट्ट. स्विच दाबला. नुसता वाऱ्यासारखा आवाज! फळी आरशासारखी.

"अब तो राजवाड़े पर आपका भी पुतला बिठाना पड़ेगा, भाभी!" — नथूभैया. सुगत गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मीही.

१५ सप्टेंबर

सकाळी अकराला शेवटची फळी काढली. साडेअकराला जयसिंगराव हजर. दोन फळ्यांवर हात फिरवला, तिसरी पाहिलीच नाही. "पुढच्या महिन्यात तीस दरवाजे आहेत. जमेल?"

जमेल म्हटलं.

१६ सप्टेंबर

नथूभैयांना विचारलं, ते ठिपके कुणी मारले होते? त्यांनी भुसा झाडायला घेतला. मग सांगितलं — मागच्या दिवाळीच्या सफाईत, सुगतनेच. "मैंने टोका भी. तर म्हणाले, नथू, एक साल निकल जाए, बहुत है."

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सुगतचं दुखणं सांगितलं ते फेब्रुवारीत. मी समजत होते, दोघांना एकाच दिवशी कळलं.