त्याच नावाचं दुसरं गाणं

आदरणीय हॉलिसभाऊ यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा आर्वेल याचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ओपलवहिनींचा दमा? (खरं लिहा. मागे ‘सगळं झकास’ असं लिहिलं होतंत आणि आठवड्यात तुमची गाय गेली.) इकडे मी ठीक. मक्याचा पाव रोज जळतो आणि मी रोज तो खातो.

आता मुद्द्याचं. व्हर्ना तुमच्याकडे सफरचंदाचा मुरंबा घालायला आली, ती रविवारी परत यायची होती. शनिवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस, म्हणून मी, डेल्बर्ट गाणी लावतो त्या रेडिओ स्टेशनवर फर्माईश पाठवली: ‘व्हर्नासाठी, आर्वेलकडून, तुझी बॅग दाराशी.’ या गाण्यात माहेरी गेलेली बायको परत येते, नवऱ्याला दाराशी तिची बॅग दिसते आणि गडी ढसाढसा रडतो. आपल्या केंटकीत हे कुणालाही विचारा. पण डेल्बर्टने लावलं ते त्याच नावाचं दुसरं गाणं! त्यात नवराच बायकोची बॅग भरून दाराशी ठेवतो आणि वर ‘बस चुकवू नकोस’ म्हणतो. तेही बँजोच्या ठेक्यावर, खुशीत! आणि हे वाजलं कुठे, तर तुमच्या स्वयंपाकघरात, सगळ्या गोतावळ्यासमोर. (रेडिओ नेमका तेव्हाच कुणी लावला होता? आरोप करत नाही, नुसतं विचारतो.) रविवार गेला, बुधवार आला, व्हर्नाचा पत्ता नाही. फोन केला की वहिनी म्हणतात, ती कोंबड्यांना दाणे टाकतेय. भाऊ, तुमच्या कोंबड्या खातात तरी किती?

माझा पहिला संशय डेल्बर्टवर. लग्नाआधी जत्रेत तो व्हर्नाबरोबर नाचला होता, ते मी विसरलेलो नाही, आणि विसरलो नाही हे त्यालाही माहीत आहे. म्हणून पुरावा पाहिजे असं ठरवून मी दुकानातून नवी तबकडी आणली. वर ठळक अक्षरांत नाव, ‘तुझी बॅग दाराशी’. (दुकानवाली पैसे घेताना गालात हसली. का हसली?) स्टेशनवर जाऊन ती डेल्बर्टच्या टेबलावर आपटली आणि म्हणालो, “हे लावायचं होतं, चोरा!” त्याने तबकडी उलटून मागची गाण्यांची नावं वाचली आणि पोट धरून हसायला लागला. “आर्वेल, लेका, तबकडीचं नाव तेवढं ते आहे. गाणं हिच्यात नाहीच!” वर म्हणे, या नावाची गाणी ढीगभर आहेत, नावावर कुणाचा हक्क नसतो. अहो, माझ्या डुकरांच्या कानाला खूण असते, आणि गाण्याला नाही? हे सगळे गवई एकमेकांना सामील आहेत, माझी खात्री पटली आहे.

तेव्हा तुम्ही थोरले या नात्याने व्हर्नाला समजवा, की चूक डेल्बर्टची आहे, आणि माझा स्वभाव मुळीच संशयी नाही. वहिनींना नमस्कार. कोंबड्यांना काही नाही.

तुमचा,
आर्वेल साइझमोर

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात व्हर्नाचाच फोन आला. म्हणाली, “गाणं चुकलंय हे मला पहिल्या ओळीलाच कळलं. तुला स्वतःची बॅग भरता येत नाही, माझी काय भरणार? राग त्याचा नाहीच, आर्वेल. अख्ख्या जिल्ह्याला रेडिओवरून सांगतोस. मला कधी तोंडाने म्हणालास, घरी ये म्हणून?” तिने उत्तराची वाट बघितली आणि फोन ठेवला. भाऊ, घर खायला उठलंय हो.

ता. ता. क. म्हणून वरचं समजावणं वगैरे राहू द्या. रविवारी चर्च सुटलं की मी स्वतः येतोय. तुमचा संसार एवढी वर्षं टिकला आहे, तर अशा वेळी बायकोला नेमकं काय म्हणायचं असतं ते उलट टपाली कळवा. मी पाठ करून येईन. फक्त ते आणखी कुठल्या गाण्याचं नाव नाही ना, एवढं आधी बघा.