आपांच्या कपाळावर मेंढा

तीर्थरूप सदानंददादांस साष्टांग नमस्कार. (या खेपेस आठही अंगं खरोखर टेकली आहेत, कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे काराकोल गावात बर्फ सुरू झालं. पत्र अशासाठी, की हे फोनवर सांगायला तोंड नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही इथे येऊन हजारो फोटो काढलेत आणि मी तुम्हांला ऐकवलं, की डिजिटल म्हणजे माया, फिल्म म्हणजे तप. असं बोलून बसल्यावर तप करणं आलं. जुन्या बाजारातून रशियन कॅमेरा आणला. पहिला रोल गुरांच्या बाजारात मेंढ्यांवर संपवला. वापरलेल्या फिल्मची जीभ, म्हणजे टोक, डबीत आत जायला हवी; गुंडाळताना ती बाहेर राहिली, म्हणजे दिसायला तो कोराच. वर खूण करावी, तर आम्ही पडलो पाठांतराच्या परंपरेतले. फडताळात ठेवला आणि विसरलो.

मग शेजारच्या बुरुल आपा आल्या (कुंपणावरून तुम्हांला रोज गरम नान द्यायच्या, त्याच). त्यांच्या यजमानांच्या थडग्यावर चेहरा कोरलेला आहे आणि शेजारी आपांच्या चेहऱ्यासाठी जागा सोडलेली आहे.

"मास्तर, माझा फोटो तू काढ. नातवाच्या फोनात नको, तिथे मी एका बोटानं पुसली जाते."

इथल्या म्हाताऱ्या बायका बांधतात ते ठेवणीतलं पांढरं पागोटं बांधून बसल्या. "हसू का रे?"

"आपा, थडग्यावर हसून कसं चालेल?"

"का? म्हातारा तिथे एकटाच तोंड पाडून बसलाय."

मी फडताळातला रोल भरला. तोच. धुऊन आल्यावर पाहतो, तर प्रत्येक फोटोत आपांच्या कपाळावर मेंढा आणि शिंगं थेट पागोट्यातून निघालेली. नृसिंह आपल्याला ठाऊक आहे. हा मेषावतार कुठल्याच पुराणात नाही. तेव्हापासून मी मागच्या दाराने ये-जा करतो. नान मात्र कुंपणावरून येतंच आहे, आणि घशाखाली उतरत नाही.

आपला लज्जित अनुज,
माधव

ता. क. तंदूरापाशी हसणाऱ्या आपांचा एक फोटो तुम्ही काढला होता. त्याला मी 'मायेचा पसारा' म्हणालो होतो. पुसला नसेल तर पाठवा. वहिनींना कळू देऊ नका.

ता. ता. क. पाकीट चिकटवायच्या आत आपा आल्या आणि टेबलावरचे फोटो त्यांनी पाहिले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "जन्मभर मेंढ्यांनी पाठ सोडली नाही, आता का सोडतील? म्हाताऱ्याची करमणूक होईल. हाच कोरायचा." आणि खाली, फोटो कोणी काढला, तेही कोरायचं म्हणतात. बर्फ वितळलं की पाथरवट येईल. दादा, आपा हट्टी आहेत आणि दगड टिकाऊ असतो. तो फोटो तेवढा लगेच पाठवा.