दुप्पट जाडीची तार

आबा, चौतीस साली, श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता, कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी तुम्ही माझ्यावर अन्याय केलात. मुख्याध्यापिका म्हणून माझा जन्म लोकांकडून लेखी खुलासे मागण्यात गेला. तुम्हाला तेवढं सोडलं होतं. आता निवृत्त झाले आहे, वेळ भरपूर आहे, सोडणार नाही.

तुम्ही वायरमन होतात त्या कापडगिरणीत नवा स्विच आला तेव्हा घरी जावई यावा तसे तुम्ही हरखून गेला होतात. गिरणीच्या इंजिनाची वीज गेली की तो आपोआप गावच्या विजेवर जायचा, माणसानं हात लावायला नको. चुलीपाशी बसून तुम्ही आईला समजावताय, "स्विच लई गुणी हाय, पण त्याला झेपंल तेवढंच झेपंल. म्हणून त्याच्या आधी फ्यूजची तार बारीक पायजे. करंट जास्त आला की तार वितळंल, स्विच वाचंल." आई भाकरी थापता थापता म्हणते, "म्हंजी सुनंसारखंच की. घर वाचवायला आधी तिनं जळायचं." तुम्ही हसत सुटता, आणि काही न कळता मीही.

पण वीज बदलली की सगळे माग एकदम सुरू व्हायचे, करंट वाढायचा, तार वितळायची आणि गिरणी थांबायची. साहेबांनी हुकूम दिला, तार दुप्पट जाड घाला. तुम्ही दोनदा नको म्हणालात, तिसऱ्यांदा घातलीत. त्या गिरणीत हुकूम तोंडी असायचे, कबुलीजबाब मात्र कागदावर. आठवड्याच्या आत स्विच जळून कोळसा झाला. तार शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दिलेला इंग्रजी कागद घेऊन तुम्ही माझ्या शाळेत आलात. भाजलेल्या हाताला फडकं, सदऱ्याला जळक्या रबराचा वास. शाळेचे दिवे तुम्ही फुकट जोडून दिले होते, त्या बदल्यातच सिस्टरांनी मला शाळेत घेतलं होतं. तरी तुम्ही फाटकाबाहेरच उभे. माझ्या मागे माझ्या वर्गातली वकिलांची मुलगी उभी होती.

"पोरी, एवढं वाच की. सही करू न्हवं?"

"करा. ठीक आहे सगळं."

"नीट बघितलंस?"

"आबा, मला इंग्रजी येतं. जा आता."

जाड तार आपण कुणाला न विचारता, स्वतःच्या मनानं घातली, असं त्यात लिहिलं होतं. सही झाल्यावर साहेबांनीच ते वाचून दाखवलं आणि तुम्हाला काढून टाकलं. अख्ख्या गिरणीला वीज पुरवणारा माणूस पुढं मरेपर्यंत होटगी स्टेशनात घासलेटचे कंदील पुसत राहिला. आई भांडायची, "वाचून न घेता सही केलीच कशी तुमी?" तुम्ही मान खाली घालून म्हणायचात, "माजंच चुकलं." दर वेळी हेच. माझं नाव एकदाही नाही. हाच तो अन्याय, आबा. एक थोबाडीत मारायची होती. बारा वर्षांची होते, सोसली असती.

तुम्हाला माहीत होतं का, एवढंच विचारते आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. सबब चालणार नाही. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, ते टेबलावरच राहील, तरीही उत्तर हवं. त्या कागदाची पहिली ओळसुद्धा मी वाचली नव्हती. तुम्ही तिथून लवकर जावं, एवढंच मला वाटत होतं.