डेल्मरचं पिस्तूल व इतर स्थावर-जंगम

मी, आर्डिथ क्वामे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा शाळेची बस चालवणे, सध्याचा धंदा दर गुरुवारी नेमबाजी क्लबात जाऊन कागदाला भोकं पाडणे, राहणार टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डोळे चष्म्यासकट ठीक आहेत. हृदयाची एक झडप तेवढी कामातून गेली आहे आणि ती बदलायला मला सोमवारी मोठ्या इस्पितळात नेणार आहेत. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आणायचा प्रयत्न माझ्या भावजयीने केला होता, तिचा समाचार कलम तीनमध्ये घेतला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायचा विचार नव्हता.

वकीलबाई मिस टोलेफसन म्हणाल्या, "आर्डिथबाई, तुम्ही तुमच्या भाषेत लिहून काढा, मी नंतर नीट करून देते." मी म्हटलं, नीटच करायचं असेल तर मी कशाला बोटं झिजवू? शेवटी ठरलं ते असं, की भाषा माझी आणि सह्या-साक्षीदारांचे नियम त्यांचे.

कलम एक. माझं राहतं घर, त्यातल्या सामानासह, माझा भाचा कर्ट यास द्यावं. भाचा म्हणजे माझ्या दिवंगत भावाचा एकुलता एक मुलगा. मला मूलबाळ नाही, त्यामुळे त्याचे लाड मीच केले आणि त्याचे परिणामही मीच भोगते आहे. तळघरातल्या फ्रीझरमध्ये दोन वर्षांपूर्वीचं हरणाचं मटण पडलं आहे. ते कर्टनेच मारलं होतं आणि "आत्या, तुझ्याकडे जागा आहे" म्हणून आणून कोंबलं होतं. ते संपवल्याखेरीज त्याने नवीन हरीण मारू नये. ही विनंती नाही, अट आहे.

कलम दोन. माझे दिवंगत पती व्हर्लिन यांचं पोलादी, जड नळीचं, पॉइंट टू-टूच्या छोट्या गोळीचं पिस्तूलही कर्टला द्यावं, पण सहजासहजी देऊ नये. कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी हा बाबा क्लबात हरणाच्या शिकारीचं भलंमोठं पिस्तूल घेऊन आला. माझ्या हातातलं बघून म्हणाला, "आत्या, हे काय खेळणं घेऊन बसलीस? ह्याने माशी तरी मरते का?" मी त्याच्या हातात व्हर्लिनचं पिस्तूल दिलं आणि दहा काडतुसांत दोन खोटी, बार नसलेली, गुपचूप मिसळून दिली. खोट्या काडतुसावर नुसतं टक् वाजतं. पण ज्याला धक्क्याची भीती बसली आहे त्याचा हात गोळी सुटायच्या आधीच खाली जातो, आणि टक् वाजलं की ते सगळ्यांना दिसतं. कर्टची नळी इतकी खाली गेली की सगळी रेंज हसायला लागली. तो म्हणाला, वारा होता. त्या दिवशी झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

तर अट अशी. क्लबच्या रेंज अधिकारी जोन विटेक ह्यांनी दहा काडतुसं भरावीत, मनाला येईल तिथे खोटी घालावीत. टक् वाजल्यावर कर्टचा हात जागेवर राहिला तर पिस्तूल त्याचं. नाही राहिला तर एक महिन्याने पुन्हा. कितीही वेळा. ह्या छोट्या गोळीला धक्का जवळजवळ नसतो, म्हणून तर हाताची खोड तिच्यावरच सुधारते. हे मी त्याला तोंडाने सांगून थकले, आता कागदावर सांगते.

कलम तीन. माझी भावजय मार्व्हिस, म्हणजे कर्टची आई, हिला माझं दुसरं पिस्तूल द्यावं. नेमाला उत्तम आहे. एकच खोड आहे, की साफ करायला उघडलं की परत जुळत नाही. एक दांडी असते, ती अमुक कोनात, नळी वर धरून, जीभ बाहेर काढून बसवावी लागते. ती कशी बसवायची ह्याचा छापील कागद माझ्याकडे आहे. तो माझ्या निळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा आणि तो कोट घालून मला पुरावं.

मार्व्हिसला कारण माहीत आहे, पण इतरांसाठी लिहिते. सन एकोणीसशे सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात क्लबात टर्कीची स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला थँक्सगिव्हिंगसाठी गोठवलेली टर्की. शेवटच्या गोळीवर मार्व्हिसचं भोक दहाच्या रेघेला टेकलंय की नाही, ह्यावर वाद झाला. टेकलं तर दहा, नाही तर नऊ. मार्व्हिसने सगळ्यांच्या आधी जाऊन कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे बघा, टेकलंय." बोट काढलं तेव्हा टेकलेलं होतं. वर तिने त्या थँक्सगिव्हिंगला आम्हालाच जेवायला बोलावलं आणि ती टर्की मला वाढली. कोरडी होती. गेल्या महिन्यात येऊन म्हणाली, "आर्डिथ, आता तू काय शूट करणार, पिस्तुलं आत्ताच वाटून टाक ना." टाकली.

कलम चार. बँकेत जे काही असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा, त्यानंतरच्या जेवणात हॅम सँडविच आणि बटाट्याचं सॅलड भरपूर ठेवावं, उरेल ते क्लबला द्यावं. त्यातून बाक क्रमांक तीनच्या वरचं गळकं छप्पर दुरुस्त करावं. साफसफाईच्या काड्या, तेल, चिंध्या, स्क्रूड्रायव्हर, सगळं क्लबच्या कपाटात जावं. स्क्रूड्रायव्हरांतला सर्वांत छोटा जोन विटेकनेच दहा वर्षांपूर्वी नेला आहे, तो तिने परत त्यात ठेवावा.

कलम पाच. हे कलम लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ केली.

डेल्मर ओस्टबी, पियानोचे सूर जुळवण्याच्या कामातून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, हे गेली अकरा वर्षं पिस्तूल निवडत आहेत. सगळा गाव त्यांना त्यावरून चिडवतो. क्लबात कुणी नवीन पिस्तूल आणलं की हाक जाते, "डेल्मर, ये रे, हेही नापसंत करून जा." तो येतो, दहा गोळ्या मारतो, आभार मानतो आणि माझ्या बाकावर येऊन बसतो. गावाला वाटतं तो चिक्कू आहे. काहींना वाटतं त्याचं डोकं थोडं सरकलेलं आहे. ह्या कलमाद्वारे मी जाहीर करते की दोन्ही खोटं आहे. दोष माझा आहे.

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याची बायको जाऊन वर्ष झालं होतं. स्पर्धा नको, बक्षीस नको, गुरुवारी जरा बाहेर पडायचं, कागदावर आणि रिकाम्या डब्यांवर नेम धरायचा, एवढ्यापुरतं एखादं पिस्तूल हवं होतं. मला म्हणाला, "तुला कळतं, दुकानात बरोबर येशील?" गेले. काउंटरवर मी त्याला सांगितलं, किंमत बघू नकोस, चकाकी बघू नकोस. डोळे मिट, हात वर कर, मग डोळे उघड. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो उंचवटा, मागच्या खाचेत आपोआप आलेली असली पाहिजे. हात वाकवून आणावी लागली तर ते पिस्तूल तुझं नाही.

तिसऱ्या पिस्तुलाला त्याने डोळे उघडले आणि माशी खाचेत बरोबर मधोमध. मी मागून बघत होते. चाप हलका, कुठेही न अडखळता सुटणारा. नळी पुरेशी लांब, वजन पुढच्या बाजूला. मागची खाच स्क्रूने हलवता येणारी. उघडायला आणि जुळवायला सोपं. अशा कामाला ह्याहून बरं पिस्तूल मिळत नाही. डेल्मर हसला. म्हणाला, "आर्डिथ, हाताने हो म्हटलं."

आणि मी म्हणाले, "मूठ मोठी आहे तुझ्या हाताला. घाई करू नकोस."

मूठ मोठी नव्हती. पण ज्याच्याकडे स्वतःचं पिस्तूल त्याला स्वतःचा बाक, आणि रिकामा होता तो सात नंबरचा, पार पलीकडे, जिथे पुरुष बसून फुटबॉल आणि ट्रॅक्टरच्या गप्पा मारतात. ज्याच्याकडे पिस्तूल नाही त्याला दुसऱ्याचं मागून घ्यावं लागतं आणि शेजारी बसावं लागतं. माझ्या शेजारी व्हर्लिन गेल्यापासून कुणी बसत नव्हतं.

तेव्हापासून मी नावं ठेवतेच आहे. एकाचा चाप खरखरीत, दुसरं काडतुसांच्या बाबतीत नखरेल, तिसऱ्याची गरम टरफलं कॉलरमध्ये पडतात. एकदा काहीच सुचेना तेव्हा मी म्हटलं, "मला ह्याचा आवाज आवडत नाही." पियानो जुळवणाऱ्याला मी हे म्हटलं. त्याने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि पिस्तूल परत केलं.

दुकानातलं ते पिस्तूल मी पुढच्याच आठवड्यात जाऊन विकत घेतलं, न जाणो तो परत जायचा म्हणून. ते माझ्या कपड्यांच्या कपाटात, सासूबाईंच्या टेबलक्लॉथखाली, खोक्यात आहे. अकरा वर्षांत एक गोळी उडालेली नाही. ते मी डेल्मरला देते. डेल्मर, त्याला दोन-तीन जातींची काडतुसं घालून बघ आणि ज्यांवर ते अडत नाही तीच ठेव. मी तुझी फसवणूक केली त्याची माफी मागते, पण पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तू आवडतोस. सोमवारची भीती वाटते ती एवढ्यासाठीच, बाकी मरायला माझी हरकत नाही.

सह्यांपूर्वीची जोड. आज शुक्रवार. सकाळी दहा वाजता दोन साक्षीदार यायचे होते. जोन विटेक आली. शेजारचे ऑर्व्हिल टेग मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर गेले आणि त्यांची गाडी तिकडेच अडकली. मिस टोलेफसन दुपारी मॅडिसनला निघणार, त्या मंगळवारपर्यंत नाहीत. म्हणाल्या, "आर्डिथबाई, दुसरी सही आज झाली नाही तर हा नुसता कागद आहे. सगळं कर्टला जाईल, पिस्तुलांसकट, अटींशिवाय."

एवढ्यात डेल्मर आला, पेकानचं क्रिंगल, म्हणजे आमच्याकडची गोल पेस्ट्री, घेऊन. त्याला बोलावलेलं नव्हतं.

"साक्षीदार हवाय?" तो म्हणाला. "मी करतो ना सही."

"तुम्हाला नाही करता येणार," मिस टोलेफसन म्हणाल्या. "म्हणजे करता येईल, कागद पक्काही होईल. पण ज्याला काही मिळतंय तोच साक्षीदार झाला, तर त्याचं मिळणं रद्द होतं."

"मला काय मिळतंय?"

जोन कॉफीच्या कपात बघत बसली. डेल्मरने टेबलावरचा कागद उचलला. मला हिसकावून घेता आला असता. मी घेतला नाही. हा माणूस काडतुसांच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचतो. त्याने कलम पाच वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"टेबलक्लॉथखाली?" तो म्हणाला. "मला वाटायचं, तळघरात असेल."

"म्हणजे काय?"

"अगं, मी परत गेलो होतो ते घ्यायला. दुकानदार म्हणाला, तुमच्याबरोबर त्या बाई आल्या होत्या ना, त्याच घेऊन गेल्या."

"अकरा वर्षं तुला माहीत होतं? आणि गावाची बोलणी खात बसलास?"

"तू इतकी मेहनत घेत होतीस नावं ठेवायला. मला तुझं मन मोडवेना."

"मग त्या आवाजाचं म्हटलं तेव्हा?"

"त्या दिवशी घरी जाऊन पोट धरून हसलो."

जोन कप ठेवून बाहेर जायला निघाली, तिला मिस टोलेफसननी परत बसवलं, कारण साक्षीदार लागतो. मग त्या डेल्मरला म्हणाल्या, "साहेब, नीट विचार करा. इथे सही केलीत तर ते पिस्तूल ह्या कागदाने तुम्हाला मिळणार नाही."

"कळलं," डेल्मर म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "ऐक आर्डिथ. मी सही केली की मला पिस्तूल नाही. म्हणजे तू नसलीस तर मी रेंजवर जाऊन काय करू? तेव्हा सोमवारी जा आणि परत ये. मला बाकी काही नको आहे."

मिस टोलेफसननी विचारलं, कलम पाच खोडायचं का. मी नाही म्हटलं. रद्द झालं तरी वाचता येतं. मी हे लिहिते आहे तोवर तो माझ्या खुर्चीशी उभा राहून "आटप ना" म्हणतो आहे. अकरा वर्षं निवड न करणारा हा माणूस पेन मागतो आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

मुक्काम टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन. शुक्रवार, दिनांक १७ जानेवारी २०२५.

आर्डिथ क्वामे

साक्षीदार पहिली: जोन विटेक, रेंज अधिकारी. (छोटा स्क्रूड्रायव्हर सोबत आणला आहे.)

साक्षीदार दुसरा: डेल्मर ओस्टबी. ह्या कागदाने आपल्याला काहीही मिळत नाही हे समजून, आपखुशीने.