हात की नळी?

१२ एप्रिल, शनिवार

पुन्हा सातच्या आकड्यावर!

मागे बसून गुण मांडणाऱ्या रमोनाला मी ठणकावून सांगितलं होतं — मध्ये. लांबच्या खंदकातल्या माणसानं निशाणाची पाटी वर केली तर भोक खाली डावीकडे, घड्याळात सातचा आकडा असतो तिथं. पुढची गोळी — सांगितली मध्ये, लागली सातला. तिसरी तशीच.

गोळी सुटली की निशाण वर यायच्या आत ती कुठं लागली हे बोलून दाखवायचं, असा आमच्या नेमबाजी क्लबाचा दंडक. वाईट मारलं तर थट्टा होते. चुकीचं सांगितलं की कुणी थट्टा करत नाही, सगळे एकदम प्रेमानं वागायला लागतात. आज रमोनानं मागच्या खुर्चीवरून नुसतं "बरं, नेड्रा" म्हटलं आणि मला अंड्यांचा डबा पुढे केला. 

घरी येऊन हात टेबलावर ठेवून बघत बसले. हलतोय का? बघितलं की हलतोयसा वाटतो.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. कंपवात. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग चमचा तोंडापर्यंत जाईना. मी त्यांना भरवायचे आणि ते तोंड फिरवून रडायचे.

नवऱ्याला, एमेटला, यातलं काही सांगितलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले — माझे उघडे, हातावर.

१९ एप्रिल, शनिवार

पाऊस, सराव नाही. एमेट म्हणाला, "तुझा हात नाही गं, बंदूक आहे ती. पट्टा नळी ओढतोय."

मला बरं वाटावं म्हणून बोलतो, दुसरं काय! लांब बंदूक माझ्या आखूड हातांना पेलत नव्हती म्हणून त्यानंच ही कार्बाइन जुळवून दिलेली. मी म्हटलं, "बंदूक आहे तर मग दुरुस्त कर ना. हिवाळाभर करू, करू म्हणतोयस."

"करू," असं म्हणून शेरीफसारखे दोन्ही हात खिशात घालून कोठारात निघून गेला. आळशी!

काडतुसं भरायचं कामही यंदा माझ्या गळ्यात. पावडर तोलायची, टोपणं बसवायची. म्हणे चष्म्याचा नंबर वाढलाय. जन्मभर स्वतःच्या काडतुसांना मला हात लावू दिला नाही या माणसानं.

२७ एप्रिल, रविवार

आज रमोनानं माझे डोळे उघडले. श्रेय तिचंच, पण ते इथंच लिहून ठेवते, कारण तोंडावर सांगितलं तर वर्षभर मिरवेल.

फळांचा पाय — तो भट्टीत भाजायचा गोड पदार्थ — बनवत होतो, चर्चच्या जेवणासाठी. ती पीठ लाटता लाटता सहज म्हणाली, "एक गंमत बघितलीस का? उभ्यानं मारतेस तेव्हा तू बरोब्बर सांगतेस. आडवी पडलीस की खोटं बोलतेस."

मी लाटणंच हिसकावलं तिच्या हातातून. "पुन्हा बोल!"

"उभ्यानं बरोब्बर..."

उभं राहून मारताना पट्टा नुसता लोंबतो. आडवं पडल्यावर तो दंडाला घट्ट आवळायचा, इतका की बोटं जांभळी होतात. आणि हात थरथरत असता तर उभ्यानंच सगळ्यात वाईट जायला हवं होतं ना? तिथं तर हातांशिवाय कशाचा आधारच नाही!

म्हणजे एमेट खरं बोलत होता. पट्ट्याचं टोक नळीला, पट्टा आवळला की नळी वाकणार. केसाएवढी. पण सहाशे यार्डांवर केसाचं काय होतं ते मी चांगलं बघितलंय.

असं असेल का? देवा, असं असू दे.

४ मे, रविवार

काल पट्टा सैल सोडून मारलं. बंदूक नाचत होती, पण सातचा आकडा सुटला! एमेटला मिठी मारली, त्याची टोपी पडली. म्हटलं, "आता तरी कर."

तो म्हणाला, "डॉर्सीकडे दे. बाहेरून सगळं तसंच दिसायला हवं, नाहीतर सामन्याला घेणार नाहीत. हे नीट व्हायला हवं, नेड. माझी तडजोडीची कामं नकोत तुला."

तडजोडीची! या माणसानं पूर्वी डोळे मिटून बंदुका सुट्या केल्यात. पण माझ्यासाठी त्याला सगळ्यात चांगलं हवंय, हे ऐकून बरं वाटलं. थोडी चिडलेसुद्धा.

१७ मे, शनिवार

डॉर्सी क्लाइनफेल्टर. एकेकाळी सैन्यात बंदुका दुरुस्त करायचे, आता फक्त बढाया दुरुस्त करतात. अंगणात पाय ठेवल्यापासून सुरू — "नेड्राबाई, या हातांनी मी जनरलची बंदूक सरळ केलीय!"

"आधी माझी करा."

मी एकच अट घातली. हँडगार्ड हेच राहिले पाहिजेत — नळीवरची ही दोन प्लास्टिकची अर्धुकं. डाव्या अर्ध्याला वितळल्याचा डाग आहे. एमेटनं एकदा शेकोटीला टेकवून ठेवली होती आणि वर मलाच ओरडला होता. माझा अंगठा आपोआप त्या डागावर जाऊन बसतो. जुनी चप्पल कशी पायात सरकते, तसा.

डॉर्सी म्हणाले, "राहतील की. आत एक जाड पोलादी नळकांडं बसवायचं, मागच्या बाजूनं पक्कं. पट्टा त्या नळकांड्याला. ही अर्धुकं आतून घासून त्याच्यावरच चढवायची. तुम्ही वाटेल तेवढं ओढा, नळी मात्र आत मोकळी, कशालाही न टेकणारी."

अर्धुकं निघण्याआधी ते स्प्रिंगचं कडं मागे दाबावं लागतं. त्याला तीन हात लागतात असं सगळे म्हणतात. डॉर्सींनी एमेटला हाक मारली — "धर रे जरा!" एमेट दारातून म्हणाला, "कुत्र्याला बघून येतो." कुत्रं गाडीत गाढ झोपलेलं! शेवटी कडं मीच दाबलं. नख तुटलं.

३१ मे, शनिवार

झालं म्हणून आणायला गेलो. झालं नव्हतं! डॉर्सींनी मागच्या रविवारच्या चर्चच्या पत्रकाची पट्टी फाडली आणि नळी आणि नळकांडं यांच्या फटीतून सरकवली. मध्येच अडकली. कुठंतरी टेकतंय.

माझा चेहरा दिसला असणार. बढाया बंद. "माझी चूक," म्हणाले, "मी घाई केली. तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो. तुम्हाला काय भीती वाटतेय ते कळतं मला."

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी कळलं होतं.

गाडीत एमेट विचारत होता, "काय म्हणाला? का रडतेस?" मग सगळं सांगितलं. वडील, हात, प्रार्थनेत उघडे डोळे.  तो म्हणाला, "तुझे हात ठीक आहेत, नेड. मी रोज बघतो त्यांच्याकडं."

असा नवरा मिळाला याबद्दल मी किती वेळा आभार मानलेत? पुरेसे नाहीत.

८ जून, रविवार

पत्रकाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखी गेली! बाहेरून बघितलं तर तीच बंदूक, तीच अर्धुकं, तोच डाग. डॉर्सींना पीच पाय दिला. आख्खा. बढाया परत सुरू. ऐकून इतकं छान वाटलं!

१४ जून, शनिवार

पट्टा आवळला. बोटं जांभळी. सांगितलं — मध्ये.

मध्ये!!

१२ जुलै, शनिवार

राज्याचा सामना. ऊन असं की चटईला कोपर चिकटत होतं. रमोना मागे, एमेट खंदकात. तो यंदा मारत नाही. म्हणाला, पाठ धरलीय.

सहाशे यार्ड, शेवटची फेरी. एक गोळी वाऱ्यानं उजवीकडं नेली. मी सांगितलं, "तीनच्या आकड्याला, नऊ गुण." तीनलाच, नऊ. त्या नऊचा मला दहापेक्षा जास्त आनंद झाला. शेवटपर्यंत जे सांगितलं तेच वर आलं. वाईट तर वाईट, पण माझं, मी मारलेलं.

नंबर आला नाही. हायस्कूलमधली एक मेली पोरगी सगळ्यांना पुरून उरली. रमोना म्हणाली, "हरलीस आणि दात काढतेस!" डॉर्सी सगळ्यांना ओढून आणत होते — "बघा, बाहेरून काही दिसतंय का? दिसतंय का काही?" कुणालाच काही दिसत नव्हतं.

एमेट खंदकातून वर आला. टाळ्या वाजवल्या नाहीत त्यानं, हात खिशात. नुसता माझ्याकडं बघून हसत राहिला. फोटोतही तसाच उभा राहिला.

आज झोपायच्या आधी हात बघितले नाहीत. आठवणसुद्धा झाली नाही! रमोनाचे आभार, डॉर्सींचे, त्या पत्रकाच्या चिटोऱ्याचेसुद्धा. आणि एमेटचे. सगळ्यात आधी त्यानंच सांगितलं होतं.

१३ जुलै, रविवार

मी पाठमोरी अंडी तळत होते. मागे टेबलावर कॉफीचा मग टकटक, टकटक वाजत होता. वळून बघितलं तर एमेट तो दोन्ही हातांनी धरायला बघत होता.

"कधीपासून?"

"हरणांच्या शिकारीच्या हंगामापासून."

"म्हणून ते कडं..."

"दोनदा बघितलं दाबून. तू दुकानात गेली होतीस तेव्हा. नाही जमलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तुझ्याच हातांकडं बघत बसली होतीस, नेड. म्हटलं, आधी त्यांचं मिटू दे."

मी तो कॉफीचा मग बाजूला ठेवला आणि त्याचे हात माझ्या हातांत घेतले. माझे हलत नव्हते. देवा, त्याबद्दल आभार.