मागचं दार

विश्वजित,

गेमच्या लेव्हल कशा रचायच्या, यावर अकरा वर्षं चालवलेला ब्लॉग आज बंद केला. प्रत्येक लेखाखाली 'लय भारी, भावा' लिहिणारा चुलतभाऊ तूच एकटा हुतास.

गेल्या लेखात मी आमच्याच घराची खेळता येणारी लेव्हल केली: गोठ्यातनं वाट, कडी मोडलेलं मागचं दार. तू ती चारदा खेळलास. मग गोठ्याच्या भिंतीवरनं भांडण झालं, तवा तू त्याच वाटंनं आत आलास आन् जेवत बसलेल्या माझ्या दादाचा गुडघा पहारीनं फोडलास. दादा आता घरात रांगतोय.

कडी अजून बसवली न्हाय. दाराआड कोयता घेऊन मी रोज बसतोय. हे पत्र तुला धाडणार न्हाय. शत्रू कुठं लपलाय हे खेळणाऱ्याला आधी सांगायचं नसतंय, मीच लिहिलेलं की.

तुझा लाडका लेखक,
धैर्यशील