चालवून पाहिलेली मुलगी

भिंगार,
ता. ४ फेब्रुवारी १९७४

ती. सोपानदादास,
धाकट्या बनाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. यांची डेपोतली नोकरी नेहमीसारखी. आमचा मच्छिंद्र तिथेच कारकून म्हणून कायम झाला, ते तुला कळलंच असेल. माझा डावा कान मधूनमधून वाहतो, त्यात नवीन काही नाही. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

आता मुद्द्याचं. तुझ्या पारनेरच्या त्या रंभाजीने मुलगी द्यायला आम्हाला नकार कळवलाय. आम्हाला! मध्यस्थ बन्सी ओट्यावर टेकला, ओठ चाटले आणि म्हणाला, "योग न्हाई म्हनत्यात, बाई." हा बन्सी खोटं बोलायच्या आधी नेहमी ओठ चाटतो आणि त्याला वाटतं, जग आंधळं आहे.

माझी नजर तुला ठाऊक आहे. आपले हातपाय काय करतात याचा माणसाला पत्ता नसतो, बघणाऱ्याला मात्र सगळं दिसतं. रंभाजी नोकरीबद्दल विचारताना गुडघा खाजवत होता. त्याची बायको दर वाक्याला पदर ओढते, मग तो पदर घसरलेला असो नाहीतर जागेवर. आणि ती म्हातारी लंकाबाई, रंभाजीची आई, ती तर तोंडात काही नसताना चघळत बसते. असल्या मंडळींनी आम्हाला योग शिकवायचा?

मुलीला मी रीतीप्रमाणे चालवून पाहिलं. दारापासून चुलीपर्यंत आणि परत. मालनचं उजवं पाऊल जरा बाहेर पडतं. मी तिथल्या तिथे म्हटलं, "पोरी, पाऊल सरळ टाक, बदकासारखं नको." सगळे हसले. ती हसली नाही. खाली बघायचं सोडून माझ्याकडेच बघत उभी राहिली. तेव्हाच ओळखायला हवं होतं. तरी मी मोठ्या मनाने पसंत केली, कारण तिने तांब्या ठेवला तो न हिंदकळता ठेवला. कामाचा हात आहे. तेवढ्यात यांनी खुंटीवरची टोपी काढली, आणि आम्ही निघालो.

रंभाजीचा थोरला तुझ्या आडतीवर कामाला आहे. तेव्हा एक शब्द टाक. निदान खरं कारण तरी काढून घे. मुलीकडच्यांनी मुलगा नाकारला हे आळीत कळलं तर पाण्याच्या नळावर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. शिवाय यांना मी अजून काही बोललेली नाही. त्यांना कळायच्या आत तू काम कर.

तुझी,
बना

*

भिंगार,
ता. १८ फेब्रुवारी १९७४

ती. दादास,
नमस्कार.

तुझं पत्र आलं. वाचून आधी हसले. मग दार लोटून घेतलं आणि पुन्हा वाचलं.

लंकाबाईचं बोलणं तू जसंच्या तसं लिहिलंस हे बरं केलंस, नाहीतर मला वाटलं असतं की तूच रचलंस. "टोपी काढाया नवऱ्यानं हात वर केला, तर बाईनं मान आत घेतली आन् कोपर आडवा धरला. तिला ठावं बी न्हाई. आमच्या पोरीनं पाह्यलं. मला म्हनली, आजे, त्या घरात मला देऊ नगा." व्वा! मी मुलीची पावलं बघत होते आणि ती कार्टी माझी मान बघत होती. बघायला कोण गेलं होतं, मी की ती? आणि दारात उभं राहून सासूच्या माना मोजणाऱ्या मुलीला नांदवणार कोण?

मी ठरवलं होतं, तुला लिहायचं की हे सपशेल खोटं आहे. म्हटलं, लिहायच्या आधी खात्री करून घ्यावी. माझ्याच घरात, माझ्याच मानेची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. यांनी फळीवरचा दाढीचा डबा काढायला हात वर केला. चहा सगळा ओट्यावर. "सांडलंस?" एवढंच म्हणाले आणि डबा घेऊन गेले. संध्याकाळी छत्री अडकवायला हात वर गेला तेव्हा मी तयारीत होते, मान अगदी ताठ धरली. मान राहिली, खांदा गेला. रात्री देवळीतला दिवा मालवताना पुन्हा तेच. बन्सीचे ओठ, रंभाजीचा गुडघा, सगळ्या पारनेरची अंगं मला पाठ आहेत, आणि माझी मान माझ्या खांद्यावर बसून इतकी वर्षं काय करत होती ते मला एका परक्या मुलीने सांगावं! मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

लिहायलाच बसले आहे तर लिहिते. कान काही आपोआप वाहत नाही, दादा. हल्ली ते फारसं मारत नाहीत. मानेला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

आणि तू? दिवाळीला आमच्या पंगतीला तू यांच्या शेजारी बसला होतास. यांनी कंदील वर करायला हात उचलला असेल, मी वाढता वाढता दबकले असेन. दिसलं नाही तुला? बैलाच्या चालीवरून खुरातला काटा ओळखणारा माणूस तू. दिसलं असेल तर मग गप्प कसा राहिलास, ते मला लिहू नकोस. तुझं बासुंदीचे ओठ पुसणं मला तेवढं आठवतं.

असो. जे झालं ते माझं झालं. मच्छिंद्र बापासारखा नाही. मॅट्रिक झालाय, आवाज कधी चढत नाही, मला बाजारातून पिशवी उचलू देत नाही. आईच्या मानेवरून मुलाची पारख करायची ही कुठली अक्कल? तू लिहितोस की थोरल्याच्या कामाचा विषय काढल्यावर रंभाजी नरमला. बरं झालं. असाच नरम ठेव. येत्या रविवारी, चोवीस तारखेला, आम्ही येतो आणि सुपारी फोडून टाकू. मुलगी रडेल चार दिवस. मीही रडले होते.

बना

*

भिंगार,
ता. २१ फेब्रुवारी १९७४

दादा,

हे पत्र पारनेरला निघालेल्या भिमाजीच्या हाती देते आहे. पोस्टावर माझा भरवसा नाही, रविवार तोंडावर आला.

काल मच्छिंद्र जेवायला बसला होता. शेजारी हे. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी हसत हसत विचारलं, "का रे, कुणी हात वर केला की मी मान चोरते, हे तुला कधी दिसलं होतं का?" तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "त्यात काय दिसायचंय, आई? तू पहिल्यापासून तशीच आहेस. मला वाटायचं, तुझी मानच तशी."

मग गंमत म्हणून त्याने डावा हात वर केला. माझी मान गेली. तो हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू. त्याने पुन्हा हात उचलला. पुन्हा गेली. "बघा हो, अण्णा!" म्हणत तो बापाकडे वळला, आणि बापाला दाखवायला म्हणून त्याने आणखी एकदा उचलला. दोघे हसत होते. यांना ठसका लागला हसून हसून. मी भाजीचं पातेलं धरून उभी होते आणि मला एवढंच दिसत होतं की उजव्या हाताने पोरगा जेवतोय. घास थांबलेला नाही.

पहिल्यांदा हात गमतीने गेला असेल. ते मी सोडून दिलं असतं. पण आई दबकते हे बघितल्यावर त्याला तो पुन्हा उचलावासा वाटला. ते काही कुणी शिकवावं लागत नाही, आणि इथे तर शिकवणारा शेजारीच जेवत होता. आज सकाळी त्याने माझी पिशवी नेहमीसारखीच उचलून दिली. मोठा गुणी मुलगा. जाताना दारात हात वर करून हसला.

मी त्या पोरीला बदक म्हटलं होतं. तिचं पाऊल वाकडं पडत असेल, पण ते कुठे टाकायचं नाही ते तिला कळलं. आपल्या दोघा बहीणभावांना ते कधी कळलं नाही, आणि आपण निघालो होतो तिला सरळ चालवायला.

तेव्हा हे बंद कर. रंभाजीच्या थोरल्याला आजच बोलावून सांग की त्याच्या कामाला धक्का नाही. सुपारी फुटायची नाही. इथे हे काय करतील ते करतील, मान तर तशीही तयार असते. तू मध्ये पडायला येऊ नकोस, इतकी वर्षं आला नाहीस तसाच.

एक काम मात्र कर. बन्सीला पाठवू नकोस, स्वतः रंभाजीच्या घरी जा आणि मालन समोर असताना सांग, की लग्न मुलाच्या आईने मोडलं. कुणी कारण विचारलंच तर ओठबिठ न पुसता सरळ सांग, आईलाच मुलगा पसंत नाही.

मच्छिंद्रची आई,
बना